फुकटे कोण?

निफाडहून नाशिकला येणाऱ्या एस.टी.त गेल्या आठवड्यात आम्हांस एक व्याख्यान ऐकावयास मिळाले. व्याख्याते एक पेन्शनर गृहस्थ होते. नाव सांगण्याचे कारण नाही, असे गृहस्थ प्रत्येक गाडीत भेटतात. विषय होता, सरकारने लोकांस आळशी कसे केले. बायकांस अर्धे तिकीट, बहिणींस दरमहा पंधराशे, रेशनवर धान्य फुकट, शेतकऱ्याचे कर्ज माफ. मग काम करावयाचे कोणी? ज्याने त्याने आपला भार आपण उचलावा, सरकारचा खजिना म्हणजे धर्मशाळा नव्हे, असे ते तारस्वरात सांगत होते. पुढच्या बाकावर दोन बाया भाजीच्या पाट्या पायांशी घेऊन बसल्या होत्या, त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. इतक्यात कंडक्टर आला. गृहस्थांनी खिशातून आधारकार्ड काढून पुढे केले. वय 75 च्या वर. अशा वृद्धांस 2022 सालापासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे. बायांनी मात्र अर्ध्या तिकिटाचे पैसे मोजून दिले.

म्हाताऱ्या माणसास फुकट प्रवास मिळतो याबद्दल आमची तक्रार नाही. मिळावाच. पण वाचकहो, स्वतःस मिळाले ते हक्काचे आणि पाटीवालीस मिळाले ते फुकटाचे, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवितात?

शाळा जुनी आहे. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावरील दुष्काळग्रस्त मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले. दिवसभर खडी फोडणाऱ्यास अर्ध्या शेराच्या आसपास धान्य! कारण काय, तर खजिन्यावर बोजा पडतो, आणि जास्त दिले तर रयतेस आयते खाण्याची सवय लागते. आपल्या मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ते धान्य पत्करण्यापेक्षा काम सोडून जाणे पत्करले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, 1882 साली, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे उलटा प्रश्न टाकला. खजिना भरतो तो कष्टकऱ्यांच्या घामाने. मग तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर का रिता होतो? फुकटे कोण, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे, आणि त्याचे उत्तर देण्याऐवजी आम्हांसच उपदेश केला जात आहे.

ही विद्या साहेबाच्या देशातही जोरात आहे. अमेरिकेत क्लिंटनसाहेबांनी 1996 साली गरीब कुटुंबांच्या मदतीचा कायदा बदलला आणि त्याच्या नावातच ‘वैयक्तिक जबाबदारी’ हे शब्द घातले. लेकुरवाळ्या बाईस केंद्राच्या पैशातून मिळणारी रोख मदत जन्मात पाच वर्षे, त्यापुढे सामान्यतः नाही. बारा वर्षांनी, 2008 साली, तिथल्या बड्या बँका आपल्याच सट्ट्याने बुडू लागल्या, तेव्हा त्याच देशाच्या सरकारने 700 अब्ज डॉलरपर्यंतची थैली सोडण्याचा कायदा केला. पुढे बराच पैसा परत आला हे खरे. पण त्या बँकवाल्यांस कोणी पाच वर्षांची अट घातल्याचे किंवा सकाळी उठून हजेरी लावावयास सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता घरचे पाहू. 20 सप्टेंबर 2019 रोजी आपल्या सरकारने कंपन्यांवरील कराचा मूळ दर 30 टक्क्यांवरून 22 वर आणला. वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींवर पाणी सोडावे लागेल, असा अंदाज सरकारनेच दिला होता. त्यास ‘रेवडी’ कोणी म्हटले नाही. त्याचे नाव ‘प्रोत्साहन’! 2014-15 पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी 14 लाख 56 हजार कोटींची कर्जे ताळेबंदातून काढून टाकली, हेही सरकारनेच 2023 साली संसदेत सांगितले. पैकी निम्मी मोठ्या उद्योगांची व सेवांची. हे विद्वान आम्हांस समजावितात की ताळेबंदातून काढणे म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच असते. बरोबर आहे. पण त्यांची वसुली बंद खोलीत चालते आणि आमच्या जमिनीच्या लिलावाची नोटीस चावडीवर लागते, की नाही?

आणि शेतकरी बांधवहो, सर्वांत मोठी फुकटेगिरी तर तुमच्या खळ्यावरच चालली, ती तुमच्या ध्यानात आली काय? 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावचा लिलाव बंद पडला, चांदवडला मुंबई-आग्रा रस्त्यावर शेतकरी बसले. थोड्याच आठवड्यांत भाव निम्म्याच्या घरात आले. बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही 40 टक्के निर्यातकर ठेवून. तो कर पुरता जावयास 1 एप्रिल 2025 उजाडला. बंदी कशासाठी? शहरातल्या माणसास कांदा स्वस्त मिळावा म्हणून. मिळावा की! गरिबाच्या भाकरीबरोबर कांदा असलाच पाहिजे. पण त्या स्वस्ताईचे पैसे सरकारने खजिन्यातून दिले नाहीत, ते निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याच्या खिशातून काढले.

हिशेब मांडा. एका घरचा 60 क्विंटल कांदा त्या महिन्यांत विकला गेला आणि क्विंटलमागे हजार रुपये कमी आले, असे धरा. गेले 60 हजार. त्याच घरात धन्याच्या नावे केंद्राचे 6 हजार, राज्याच्या नमो योजनेचे 6 हजार, आणि कारभारणीच्या नावे लाडक्या बहिणीचे वर्षाचे 18 हजार आले. मिळून 30 हजार. 60 नेले, 30 दिले, आणि त्या 30 वर फोटो छापला! ज्याने स्वस्त कांदा खाल्ला तो गाडीत बसून म्हणतो, शेतकरी फुकटा झाला. कर तरी आम्ही देत नाही काय? अंगाच्या साबणावर सप्टेंबर 2025 पर्यंत शेकडा 18 जी.एस.टी. होता, आणि दुकानदार साबण देताना सातबारा विचारीत नाही. ट्रॅक्टरच्या डिझेलवर केंद्र घेते ते वेगळे, राज्य घेते ते वेगळे.

इथवर वाचून ज्यांनी माना डोलावल्या, त्यांस आता थोडे कडू लागेल. ‘रेशन फुकट झाल्यापासून मजूर माजला,’ हे वाक्य आम्ही पेन्शनरापेक्षा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांच्या बांधावर जास्त वेळा ऐकले आहे. पेठ-सुरगाण्याहून छाटणीस येणारी टोळी आता मजुरी ठरल्याशिवाय गाडीत बसत नाही, याचा बागायतदारास राग येतो. अरे, माणशी महिन्याला पाच किलो धान्य. म्हणजे दिवसाला दोन भाकऱ्यांचे पीठ. त्यात तेल नाही, मीठ नाही, डॉक्टर नाही, पोराची वही नाही. एवढ्यावर कोण माजतो? त्या दोन भाकऱ्यांनी झाले इतकेच की, उद्याच चूल विझेल ही भीती गेली, आणि कमी मजुरीस ‘नाही’ म्हणण्याइतका दम त्यास आला. तुम्ही कांदा चाळ बांधता ती कशासाठी? भाव पडला असता माल रोखता यावा म्हणून. त्या चाळीस सरकारी अनुदान मिळते, तेव्हा तुम्ही आळशी होता काय? व्यापारी तुम्हांस साठेबाज म्हणतो तेव्हा तुमच्या अंगाचा तिळपापड होतो. रेशनचे धान्य ही त्या मजुराची कांदा चाळ आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय बांधावर तरी नको.

मदतीत लबाडी होत नाही असे आम्ही म्हणत नाही. लाडक्या बहिणीच्या यादीतील 26 लाखांवर नावांचे पैसे जून 2025 पासून सरकारने थांबविले. त्यांत चौदा हजारांवर चक्क पुरुष निघाले! सरकारी पगार घेणाऱ्या दोन हजारांवर बायाही यादीत सापडल्या. निवडणुकीपूर्वी अर्ज उघडून पाहण्यास सरकारला सवड नव्हती, निवडणूक झाल्यावर ती झाली, ही सरकारची जबाबदारी कोणत्या खात्यावर मांडावयाची? पण ज्यांनी खोटे लिहून दिले ते आपल्याच गावांतले आहेत. चारचाकी दारात उभी करून विधवेच्या रांगेत आपली बायको उभी करणाऱ्यास आम्ही चोरच म्हणू, मग तो आमच्या जातीचा असो की भावकीचा.

जबाबदारी आणि हक्क यांची सांगड कशी घालावी, हे या मुलखास कोणी परदेशातून येऊन शिकवावे लागले नाही. वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यात विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग केला. 1972 चा दुष्काळ पडला. मे 1973 मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे होती. आमच्या सिन्नर-येवल्याच्या म्हाताऱ्यांस ती सुकडी आणि ती खडी अजून आठवते. त्या लोकांनी भीक मागितली नाही, काम मागितले. 1977 साली कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला: मजुराने काम मागावे, सरकारने पंधरा दिवसांत द्यावे, न दिल्यास भत्ता द्यावा. त्याच्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसला. 2005 साली दिल्लीने देशभर कायदा केला तो याच वाटेने. यात आळसास जागा कोठे होती? मस्टर मांडून कंत्राटदाराच्या यंत्राने माती उपसणारे निघाले, ते मजूर नव्हते.

तेव्हा येत्या ग्रामसभेत दोन कामे करा. लाडक्या बहिणीची, घरकुलाची, रेशनची यादी मोठ्याने वाचावयास लावा आणि खोटी नावे तिथेच सांगा. भीड धरू नका. दुसरे, निर्यातबंदीच्या पाच महिन्यांत गावातून किती क्विंटल कांदा गेला आणि काय भावाने गेला, हे घरोघरच्या बाजार समितीच्या पट्ट्यांवरून मांडून ठरावात लिहा, आणि तो ठराव आमदार-खासदारांकडे पोहोच घेऊन द्या. पट्ट्या अजून डब्यात असतील. उंदरांनी खाण्याआधी काढा.