बियालिस्टोकचा पाव

न्यूयॉर्कच्या ग्रँड स्ट्रीटवर ‘कोसार्स’ नावाची ज्यू लोकांनी १९३६ साली काढलेली बेकरी आहे. तिथला ‘बियाली’ पाव प्रसिद्ध. तळहाताएवढा, मधे खळगा, खळग्यात कांदा! बेगल आधी पाण्यात उकळतात. बियाली मात्र थेट भट्टीत, बरं का.

हा पाव मूळचा पोलंडमधल्या बियालिस्टोकचा. तिथे निम्मं गाव ज्यूंचं होतं. गरिबीला, दंगलींना कंटाळून पुष्कळ जण अमेरिकेत गेले. सामान थोडंच, पण पावाची कृती डोक्यात होती ना! मागे राहिलेल्यांपैकी बहुतेकांना दुसऱ्या महायुद्धात नाझींनी मारलं. बियालिस्टोकमध्ये हा पाव भाजणारे उरलेच नाहीत. न्यूयॉर्कमध्ये मात्र भट्टी अजून पेटते, आणि गिऱ्हाईक गावाचंच नाव घेऊन पाव मागतं.