हौशी गटात नाव द्या

नागपूरच्या माणसाचा बर्फाशी संबंध गोळ्याच्या गाडीपुरता. २०१३ च्या मे महिन्यात गावाचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपा लागला की दुपारी रस्ते ओस पडतात, घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचे कूलर घरघरतात आणि खिशात कांदा घातल्याशिवाय आजी कुणाला बाहेर सोडत नाही. अशा गावातून इथे अमेरिकेत आलेल्यांनी चाळिशी उलटल्यावर पायांत पाती बांधावीत, वर स्पर्धेतही उतरावं, असं मी सुचवलं तर तिकडून काय उत्तर येईल ते ठाऊक आहे: "काहून हाडं मोडून घेऊन राहिले बापा?" तरीही मंडळाच्या या उन्हाळी अंकाचं संपादकीय मी फिगर स्केटिंगवरच लिहिते आहे. क्लबांचा नवा हंगाम जुलैत सुरू होतो, म्हणून बोलायचं तर आत्ताच.

शनिवारी सकाळी इथल्या रिंकवर गेलात तर मंडळाच्या वार्षिक सभेलाही जमत नाही एवढी गणसंख्या तिथे जमलेली दिसते. मुलं आत बर्फावर, पालक काचेच्या बाहेर. हातात कॉफी, मांडीवर लॅपटॉप, पिशवीत मुलांसाठी पराठ्यांचा डबा. या काचेबाहेरच्या मंडळींचं ज्ञान दांडगं असतं. लुट्झची उडी मागे सरकत असताना पात्याच्या बाहेरच्या कडेवरून घ्यायची असते आणि आपल्या लेकीचा पाय ऐन वेळी आतल्या कडेवर कलतो, हे जन्मात कधी पातं न बांधलेले बाबा तिला घरी जाताना गाडीत समजावून सांगतात. लेक खिडकीबाहेर बघत असते. पुढे ती चौदा-पंधरा वर्षांची होते, शाळेचा अभ्यास आणि क्लासेस वाढतात, आणि एका हंगामात स्केट्स गॅरेजच्या माळ्यावर जातात. मुलीचं स्केटिंग संपतं, त्याबरोबर आईबाबांचं रिंकवर जाणंही संपतं. इतकी वर्षं पैसे भरून, पहाटे उठून, घरातल्या एकाही मोठ्या माणसाने बर्फाला पाय लावलेला नसतो.

का, असं विचारलं की ठरलेली दोन उत्तरं येतात. एक, पडलो तर? त्याकडे मी येणार आहे. दुसरं उत्तर जास्त खोलवरचं: "या वयात शिकून काय ऑलिम्पिकला जायचंय?"

हा प्रश्न नागपूरकराने विचारावा याचं मला नवल वाटतं. राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा गेल्या शतकातल्या पन्नासच्या दशकात सुरू झाली आणि तिची साठाहून अधिक पर्वं होऊन गेली. नागपूर हे तिचं जुनं केंद्र. विद्युत मंडळातले कारकून, बँकेतले रोखपाल, शाळेतल्या शिक्षिका कचेरी सुटली की तालमीला जमत. उसने कपडे, स्वतः रंगवलेले पडदे, रजा टाकून केलेला प्रयोग, मग परीक्षकांच्या नावाने बोटं मोडणं आणि पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेशिका. त्यांना कुणी विचारलं का, की तुम्ही पुढे सिनेमात जाणार का? तिसऱ्या अंकात दोन वाक्यं वाट्याला आलेला माणूससुद्धा वर्षभर त्या दोन वाक्यांवर जगायचा. आपलं मंडळ गणपतीत ज्या एकांकिका करतं त्या याच परंपरेतल्या. हौसेने करायचं, पण परीक्षकांपुढे उभं राहून करायचं, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. नाटकाला जे आपण बिनदिक्कत लावतो ते खेळाला लावायला का बिचकतो, हे मला कळत नाही. खेळ म्हणजे मुलांचा आणि तोही कॉलेजच्या अर्जात लिहिण्यापुरता, अशी काहीतरी आपली समजूत झाली आहे.

अमेरिकेत मोठ्यांच्या स्केटिंगची स्वतंत्र व्यवस्था आहे, आणि ती बरीच शहाणपणाने रचलेली आहे. राष्ट्रीय संघटना १९२१ साली स्थापन झाली. मोठ्यांची राष्ट्रीय स्पर्धा मात्र १९९५ मध्ये, डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला, पहिल्यांदा भरली. तिथे २१ वर्षांपुढच्या कुणालाही वयोगटाप्रमाणे आणि पातळीप्रमाणे उतरता येतं. जागतिक संघटनेने २००५ पासून जर्मनीत ओबरस्टडॉर्फ या डोंगरातल्या गावी मोठ्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. साठी-सत्तरीचे लोक तिथे चमकीचे पोशाख घालून उतरतात. सुरुवात मात्र याहून फार खाली, आपल्या रिंकवरच्या मोठ्यांच्या वर्गात होते. त्याच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर पडायचं कसं आणि पडल्यावर उठायचं कसं हेच शिकवतात. वर्ग झाला की क्लबचं सभासदत्व. क्लबात नाव घातलं की राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व त्यातच येतं. मग परीक्षा: प्री-ब्रॉन्झ, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड. त्या त्या पातळीच्या स्पर्धेत दीड-पावणेदोन मिनिटांपासून पुढे वाढत जाणारा कार्यक्रम बसवायचा असतो.

नियम काय *करायचं नाही* हेही सांगतात, आणि मला ते फार आवडतं. ब्रॉन्झ पातळीवर अ‍ॅक्सेल मारायला बंदी आहे. पुढे तोंड करून घ्यायची ही एकमेव उडी, हवेत दीड फेरी. कुणाला ती येत असली तरी इथे चालत नाही. म्हणजे कालचा राज्य विजेता आज तुमच्या गटात येऊन तुम्हाला लाजवू शकत नाही. क्लबांच्या छोट्या स्पर्धांत अजून जुनी ६.० ची पद्धत चालते: परीक्षक फक्त क्रम लावतात, बहुमताने निकाल लागतो. मोठ्या स्पर्धांतली घटकाघटकाला गुण देणारी पद्धत २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिम्पिकमधल्या परीक्षकांच्या घोटाळ्यानंतर आली. तिच्यात प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला उणे पाच ते अधिक पाच असे गुण मिळतात आणि कागद हातात येतो. तो कागद म्हणजे आपल्या चुकांचा सातबारा. आकडेवारीत रमणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरवाल्या सभासदांना तो आवडेल, याबद्दल मला शंका नाही.

आणि शेवटचं आलो तर? नॉर्वेची सोन्या हेनी १९२४ च्या शामोनी ऑलिम्पिकला गेली तेव्हा अकरा वर्षांची होती. आठ जणी होत्या, ती आठवी आली. पुढची तिन्ही सुवर्णं तिची. आपल्याला सुवर्ण मिळणार नाही, पण आठवं यायला तर कुणाची हरकत नाही! छोट्या गटात कधी कधी तीनच जण असतात, आणि मग शेवटच्यालाही पदक मिळतं. संगीताचंही स्वातंत्र्य आहे. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीने 'देवदास'च्या गाण्यावर नृत्य केलं आणि रौप्यपदक नेलं. एकट्याच्या कार्यक्रमात शब्द असलेलं गाणं २०१४ पासून चालतं. नाट्यपदावर कुणी प्री-ब्रॉन्झ केल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. जागा मोकळी आहे.

आता गावाकडे. नागपुरात बर्फ नाही, पण चाकं आहेत. शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर, ले-आउटमधल्या गुळगुळीत रस्त्यावर, ऊन चढायच्या आत म्हणजे पहाटेच, मुलांचे स्केटिंगचे वर्ग चालतात. बहुतेकांचा ओढा शर्यतींकडे असतो, आणि त्यात नवल नाही: २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेचं कांस्य जिंकणाऱ्या पुरुष संघात सिद्धान्त कांबळे आणि विक्रम इंगळे ही आपली नावं होती. पण त्याच खेळाला कलात्मक शाखाही आहे, आणि ती आपल्या मुलांच्या बर्फावरच्या स्केटिंगची सख्खी बहीण. उड्या त्याच, गिरक्या त्याच, फक्त पात्याऐवजी दोन-दोनच्या जोडीने चार चाकं आणि पुढे रबरी थांबा. २०१० च्या ग्वांगझो आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुपकुमार यामा याने या शाखेत एकेरीत कांस्य मिळवलं आणि गुजरातच्या अवनी पंचालबरोबर जोडीतही.

आणखी एक गंमत. जमिनीवर आखलेल्या वर्तुळावरून एका पायावर, रेघ न सोडता फिरायचं, हा या खेळाचा मूळ पाया. बर्फावरच्या जागतिक स्पर्धांनी तो १९९० नंतर टाकून दिला, कारण टीव्हीवर तो कुणी बघेना. चाकांवरच्या स्पर्धांत तो अजून जिवंत आहे. कडा नीट सांभाळायला याहून चांगला व्यायाम नाही. या सुट्टीत नागपूरला जाणाऱ्या पालकांना म्हणून सांगते: मुलांना महिना-दीड महिना नुसतं मॉलमध्ये फिरवू नका. मामाला सांगून जवळचा कलात्मक स्केटिंगचा वर्ग शोधा आणि पहाटे साडेपाचला उठवा. मुलं कुरकुरतील. नंतर तर्री पोहे मिळतात हे कळलं की कुरकुर थांबते.

भारतात बर्फाकडे जाणारी वाट बहुतेकदा चाकांवरूनच गेली आहे. पुण्याची श्रुती कोतवाल अशीच चाकांवरून बर्फावरच्या शर्यतींत गेली आणि २०१७ मध्ये साप्पोरोच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत भारताकडून उतरली. सिमल्याचा क्लब १९२० चा, पण तिथला बर्फ नैसर्गिक, म्हणजे हिवाळ्यातले थोडे महिने आणि तेही ऊन येण्याआधी नाहीतर मावळल्यावर. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलेलं मोठं रिंक वर्षानुवर्षं बंद पडून होतं, ते २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. फिगर स्केटिंगमध्ये भारताचं नाव पुढे नेणाऱ्या दोघी मात्र अमेरिकेत वाढलेल्या. अमी पारेख २००७ मध्ये जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरणारी पहिली, आणि तारा प्रसाद २०२५ च्या हार्बिन आशियाई हिवाळी स्पर्धेत आठवी आली. आपल्या काचेआतल्या मुलींनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत. आपल्या घराजवळचं रिंक ही केवढी चैन आहे, हे काचेबाहेरच्यांनी लक्षात ठेवावं.

राहिला पडण्याचा प्रश्न. पडाल. सगळेच पडतात. भीती रास्त आहे, म्हणून तयारीने जा. चाळिशीनंतर, विशेषतः बायकांनी, आधी डॉक्टरांना विचारा आणि हाडांची घनता तपासून घ्या. हेल्मेट, मनगटाची पट्टी आणि आतून गादी लावलेली चड्डी घालायला लाजू नका. आमच्या वर्गात सगळेच घालतात. पडतोय असं वाटलं की गुडघे वाकवून बाजूला बसा, हात मागे टेकू नका. सुरुवातीला भाड्याचे स्केट्स पुरेत, पण हॉकीचे मागू नका. फिगरच्या पात्याला पुढे दाते असतात, आणि नवशिक्याला ते पाडतात खरे, पण पुढे त्यांच्यावाचून चालत नाही. विकत घ्यायची वेळ आली की मोठ्या दुकानातल्या सेलच्या भानगडीत न पडता पाय मोजून देणाऱ्याकडे जा. बूट रोजच्या मापापेक्षा लहान येतो आणि पहिले काही आठवडे तो चावतो. आणि ज्याचा कार्यक्रम वाजतो आहे, कमरेला रंगीत पट्टा आहे, त्याच्या वाटेतून आधी बाजूला व्हा. बर्फावरचा हा एकच शिष्टाचार मोडला तर कुणी माफ करत नाही.

ज्यांना बर्फावर यायचंच नाही त्यांनाही क्लबात काम आहे. इथले क्लब आपल्या मंडळासारखेच स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात: स्पर्धेच्या दिवशी संगीत लावायला, नावं पुकारायला, परीक्षकांना जेवण द्यायला माणसं लागतात. शंभर माणसांचं जेवण वेळेवर वाढणारी आपली समिती त्यांना आयती मिळेल.

नवा हंगाम १ जुलैला सुरू होतो. मोठ्यांच्या वर्गाला मंडळातून आठ जण मिळाले तर रविवारी संध्याकाळची स्वतंत्र वेळ देण्याची रिंकची तयारी आहे. नावं जूनअखेरपर्यंत कार्यकारिणीकडे द्या. पतीपत्नी दोघांनी यावं, आणि मुलांना काचेबाहेर बसवावं.