बोटीवरचा कॅमेरा

दोस्तांनो, समजा परीक्षा तोंडावर आली आहे आणि तुम्हाला वर्गाबाहेर काढलं. का? तर पैसे भरले नाहीत म्हणून! काय कराल?

आफ्रिकेतल्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात किसांगानी नावाचं शहर आहे. तिथल्या शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या काही मुलांवर हीच वेळ आली. सरकारी पगार अपुरा, म्हणून शिक्षकांसाठी पालकांनी पैसे द्यायचे, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्या मुलांनी बाहेर जायचं! पण ही पोरं घरी बसली नाहीत. सगळ्यांनी मिळून एक घर भाड्यानं घेतलं. तिथंच राहायचं आणि एकमेकांना शिकवायचं.

या मुलांसोबत आणखी एक जण होता. त्याच्या हातात वही नव्हती, कॅमेरा होता. त्याचं नाव द्यूदो हमादी. त्यानं या मुलांवर केलेला माहितीपट २०१४ साली आला. मुलांचे कष्ट त्यात आहेत, तसंच उत्तरं आधी मिळवण्याची धडपडही आहे. त्यानं काहीच झाकलं नाही. माहितीपट म्हणजे खऱ्या माणसांचा खरा चित्रपट. त्यात आपल्याला हवं तेवढंच दाखवून कसं चालेल?

द्यूदोचा जन्म १९८४ सालचा, याच किसांगानीतला. तो खरं तर वैद्यकीय शिक्षण घेत होता. मग चित्रपटाच्या कार्यशाळा केल्या आणि वाट बदलली. गंमत बघा, त्याचा एक सुरुवातीचा लघुपट दवाखान्यातलाच आहे! त्यातल्या बाळंतिणींना बिल चुकतं होईपर्यंत घरी जाता येत नाही. हा मुलगा दवाखान्यात गेला, पण डॉक्टर म्हणून नाही, कॅमेरा घेऊन.

२०१७ साली त्यानं 'मामा कर्नल' केला. तो आहे एका महिला पोलीस अधिकाऱ्यावर. बायका आणि मुलांचं रक्षण हे त्यांचं काम. बदली होऊन त्या किसांगानीत येतात, तेव्हा त्यांना युद्धात होरपळलेल्या बायका भेटतात.

कुठलं युद्ध? जून २००० मध्ये युगांडा आणि रवांडा या दोन शेजारी देशांची सैन्यं किसांगानीत एकमेकांशी लढली. म्हणजे भांडण दोघांचं आणि रणांगण तिसऱ्याचं घर! सहा दिवसांत शेकडो माणसं मेली, कितीतरी जणांचे हात-पाय गेले. द्यूदो तेव्हा शाळकरी वयाचा होता.

जवळपास वीस वर्षं होत आली, तरी त्या जखमींना भरपाई मिळाली नव्हती. तेव्हा त्यांच्यातल्या काही जणांनी ठरवलं की थेट राजधानी किन्शासा गाठायची. काँगो नदीतून सुमारे १७०० किलोमीटर! कुणी कुबड्यांवर, कुणी लाकडी पायावर. गच्च भरलेल्या बोटीवर, भर पावसात. द्यूदोही कॅमेरा घेऊन त्याच बोटीत चढला. राजधानीत संसदेच्या दाराशी या माणसांना अडवलं गेलं, तेव्हाही तो तिथंच होता.

हा माहितीपट २०२० सालच्या कान महोत्सवाच्या अधिकृत निवडीत आला. काँगोच्या चित्रपटाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं युगांडाला सांगितलं, काँगोला ३२ कोटी ५० लाख डॉलर भरपाई द्या. हा निकाल काही चित्रपटामुळे लागला नाही, तो खटला जुनाच होता. मग चित्रपटानं काय केलं? 'जखमी' या एका शब्दात हरवलेल्या माणसांना चेहरा दिला. निकालाच्या कागदावर आकडा असतो. लाकडी पायानं बोटीच्या फळीवर चढणारी बाई त्यात दिसत नाही.

आईबाबांनो, यातले काही चित्रपट लहानांसाठी नाहीत. मुलं मोठी झाली की सोबत बसून बघा.

आणि दोस्तांनो, तुम्हाला या आठवड्याचं काम! आजी, भाजीवाले काका, शाळेतले शिपाईमामा, कुणीही एक जण निवडा. त्यांना एकच प्रश्न विचारा आणि अर्धा तास मध्ये न बोलता ऐका. कॅमेरा नसला तरी चालेल. द्यूदोचं निम्मं काम हेच तर आहे!

बरं तर, भेटू पुढच्या आठवड्यात.