जहाज थांबणार नाही. परतीच्या दिलेल्या वेळेच्या एक तास आधी परत या

उन्हाळी सुट्टीतल्या युरोपच्या सहली भरू लागल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच सहलींत आता चार-सात दिवसांची क्रूझ असते. बार्सिलोना, मार्सेय, चिवितावेक्या, नेपल्स, सान्तोरिनी. पैसे भरून झाले, व्हिसाचे कागद गेले, चकल्या-लाडवांचा हिशेब सुरू झाला. म्हणून आत्ताच कळकळीने सांगतो: बंदरात फिरायला उतरलात की जहाजावर वेळेत परत या. उशीर झाला तर जहाज तुम्हाला सोडून जातं. खरोखर जातं. मी अनेक वर्षं शिपवर नोकरी केली. त्यातला मोठा काळ गँगवेवर, म्हणजे धक्क्यावरून जहाजात चढायच्या वाटेवर, प्रवाशांची कार्डं तपासत उभा होतो. शेवटच्या दहा मिनिटांत धक्क्यावरून धापा टाकत येणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांतली सगळी पोचत नाहीत.

रोज संध्याकाळी केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम छापून येतो, किंवा फोनवरच्या ॲपमध्ये दिसतो. त्यात दोन वेळा असतात. एक जहाज सुटण्याची, दुसरी सगळे प्रवासी जहाजावर हवेत त्याची. हिला 'ऑल अबोर्ड' म्हणतात आणि ती सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. पहिली वेळ विसरून जा. सहा वाजता सुटणार हे डोक्यात बसलं की माणूस पावणेसहाला टॅक्सीतून उतरतो आणि गँगवे उचलायला लागलेला बघून भांडायला उभा राहतो. तोवर पायलट, म्हणजे बंदरातून जहाज बाहेर काढणारा स्थानिक वाटाड्या, वर आलेला असतो, दोरखंड सोडायला माणसं उभी असतात, टगबोटी लागणार असतील तर त्याही आलेल्या असतात. या सगळ्यांची वेळ आधीपासून ठरलेली असते आणि त्याच धक्क्यावर कधी कधी दुसरं जहाज यायचं असतं.

'एक तास थांबले असते तर काय बिघडलं असतं?' हा प्रश्न मला गँगवेवर कितीदा तरी ऐकू आला. बिघडतं ते असं. पुढचं बंदर 200 सागरी मैलांवर असलं तर 20 नॉटने जहाज दहा तासांत पोचतं. तासभर उशिरा सुटून तीच वेळ गाठायची तर साधारण 22 नॉटने जावं लागतं. वाढ दोन नॉटचीच, पण जहाजाला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे इंजिनाला एक तृतीयांशाहून जास्त जोर लावावा लागतो, आणि त्यासाठी लागणारं जादा इंधन टनांत मोजलं जातं. वेळ नाही गाठली तर दुसऱ्या बंदरातल्या दोन-तीन हजार माणसांच्या बसगाड्या, वाटाडे, तिकिटं सगळं कोलमडतं. कॅप्टन दोघांसाठी तीन हजारांना अडकवत नाही. मला यात निर्दयपणा दिसत नाही. उलट प्रत्येक बंदरात थांबणारा कॅप्टन तुम्हाला नकोसा झाला असता.

आपल्या लोकांची एक सवय मात्र इथे नडते, आणि हे मी प्रेमाने बोलतो आहे. टूरची बस थांबते. 'आमच्या काकू येतायत हो, स्कार्फ घेतायत,' असं कुणीतरी ड्रायव्हरला सांगतं, टूर लीडर घड्याळ बघत हसतो, काकू येतात, बस सुटते. आठ दिवस हे चाललं की जहाजही मोठी बसच वाटू लागतं. पण जहाज बससारखं थांबत नाही.

मार्च 2024 मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या साओ टोमे आणि प्रिन्सिपे या बेटांच्या देशात 'नॉर्वेजियन डॉन' या जहाजाचे आठ प्रवासी असे मागे राहिले. ते खासगी सहलीला गेले होते, कंपनीच्या नव्हे. परतायला उशीर झाला. किनाऱ्यावर आले तेव्हा जहाज समोर नांगरलेलं दिसत होतं. तटरक्षक दलाच्या बोटीने त्यांना जहाजापर्यंत नेलंसुद्धा, पण वर घेतलं गेलं नाही. जहाज गेलं. मग विमानं बदलत, देशामागून देश ओलांडत त्यांनी जहाजाचा पाठलाग केला. गांबियातल्या बांजुलला गाठू म्हटलं तर ओहोटीमुळे जहाज तिथे लागूच शकलं नाही. शेवटी सेनेगलच्या डाकारला ते चढले.

आता हे वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या प्रवाशांत अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन होते. त्यांचे पासपोर्ट दाखवून जितक्या देशांत शिरता येतं, तितक्या देशांत आपल्या पासपोर्टवर शिरता येत नाही. आपल्याला पुढच्या बंदराला विमानाने जायचं तर त्या देशाचा व्हिसा हातात लागतो. भूमध्य समुद्रातली क्रूझ मध्येच तुर्कस्तानला जाऊन येणार असेल आणि तुमचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर गोष्ट आणखी अवघड. काही देश क्रूझच्या प्रवाशांना थोड्या वेळापुरती सवलत देतात, पण ती जहाजाने आलेल्या आणि जहाजानेच परत जाणाऱ्या माणसासाठी असते. जहाज गेल्यावर तुम्ही त्या देशात कोण, हे पोलिसांना समजावत बसावं लागतं. आणि व्हिसा लागणाऱ्या प्रवाशांचे पासपोर्ट बऱ्याचदा जहाजाच्या कार्यालयात ठेवून घेतलेले असतात. म्हणजे तुम्ही धक्क्यावर, पासपोर्ट समुद्रात, असं होऊ शकतं. वकिलातीकडून तातडीचा प्रवासी दाखला मिळू शकतो, पण तो भारतात परतण्यासाठी असतो. त्यावर पुढचं बंदर गाठता येत नाही.

मुंबईहून गोव्याला जाणारं जहाज मुरगावला चुकलं तर फार तर बॅग जहाजावर राहील आणि तुम्ही मडगावला मांडवी एक्स्प्रेसमध्ये चढाल. घरी हसतील, एवढंच. परदेशात तसं नसतं.

कुठे सांभाळायचं ते सांगतो. 'रोम' म्हणून जे बंदर कार्यक्रमात छापलेलं असतं ते रोममध्ये नाहीच. चिवितावेक्या रोमपासून सुमारे 80 किलोमीटरवर आहे. लोकल गाडीला तासभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो, आणि त्या प्रवासाच्या दोन्ही टोकांना आणखी वेळ जातो. स्टेशनवर उतरून लार्गो देल्ला पाचे इथपर्यंत बसने किंवा चालत यायचं, तिथून बंदराच्या बसने जहाजापर्यंत. एका बाजूला दोन तास धरा. इटलीत रेल्वेचा संप ही नवलाची गोष्ट नाही, त्याची तारीख आदल्या दिवशी बघून घ्या. जहाज सातला सुटणार असेल तर तीनच्या आसपास रोम सोडा. व्हॅटिकनच्या रांगेत अजून अर्धा तास आहे म्हणाले तर रांग सोडा. तो अर्धा तास दीड होतो. लिव्होर्नोहून फ्लॉरेन्स, ल आव्रहून पॅरिस, तिथेही असंच आहे. ल आव्र ते पॅरिस तर 200 किलोमीटरच्या घरात. नेपल्सला उतरून काप्रीला जाणाऱ्यांनी समुद्र बघावा. वारा वाढला की परतीच्या फेरीबोटी रद्द होतात, आणि बेटावरून यायला दुसरा रस्ता नाही.

सान्तोरिनीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तिथे शहाणी माणसंही फसतात. इथे जहाज धक्क्याला लागत नाही, खाली समुद्रात उभं राहतं. कोकणात पूर्वी आगबोट बाहेर नांगरायची आणि पडावातून माणसं किनाऱ्याला यायची, तसं इथे टेंडर नावाच्या छोट्या बोटींतून जावं-यावं लागतं. गाव मात्र उंच कड्यावर. फिरा गावातून खालच्या जुन्या बंदराला उतरायला केबल कार आहे, नाहीतर जवळपास 600 पायऱ्या, त्याही खेचरांच्या लिदीने निसरड्या झालेल्या. एकाच दिवशी तीन-चार जहाजं आली की दुपारनंतर केबल कारची रांग गल्लीबोळांत वळत जाते आणि तासापेक्षा जास्त वेळ खाते. कंपनीची सहल घेतलेली असली तरी वाटाडा बऱ्याचदा फिरामध्येच निरोप घेतो आणि 'केबल कारने खाली या' म्हणतो. पुढची रांग तुमची तुम्हाला. शिवाय इथे जहाजाच्या वेळेपेक्षा शेवटच्या टेंडरची वेळ महत्त्वाची. तिथल्याच ओइया गावातला सूर्यास्त बघून येऊ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं: तुमचं जहाज सूर्यास्ताआधी निघणार असेल तर तो सूर्यास्त तुमच्यासाठी नाही. डेकवरूनही छान दिसतो. गुडघे दुखणाऱ्यांनी तर केबल कारच्या रांगेचा अंदाज घेऊन दोन तास आधीच फिरा गाठावं.

कंपनीची सहल घ्यावी का? महाग असते हे खरं. बार्सिलोनासारखं बंदर शहराला चिकटून आहे, तिथे मी पैसे वाचवा म्हणेन. पण रोम, फ्लॉरेन्स, पॅरिससाठी घ्या. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर जहाज सहसा थांबतं, नाही थांबलं तर कंपनी स्वतः पुढच्या बंदराला पोचवते. स्वतंत्र फिरलात तर विमान, हॉटेल, व्हिसा सगळा खर्च तुमचा, आणि प्रवास विम्याच्या अटी नीट वाचा. स्वतःच्या उशिराची भरपाई मिळेल असं गृहीत धरू नका.

अलास्काला जाणाऱ्यांसाठी आणखी एक कायदा आहे, अमेरिकेचा, 1886 सालचा. परदेशी झेंड्याचं जहाज प्रवाशाला एका अमेरिकन बंदरातून नेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात सोडू शकत नाही. सिएटलहून निघून केचिकनला मागे राहिलात आणि विमानाने परतलात तर नेमकं तेच घडतं. दंड कंपनीला होतो आणि कंपनी तो तुमच्याकडून वसूल करू शकते, माणशी.

घड्याळाचं बघा. जहाजावर जहाजाची वेळ चालते, ती बंदरातल्या वेळेशी जुळेलच असं नाही. इटलीहून ग्रीसला आलात की एका तासाचा फरक पडतो. फोन किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून आपोआप वेळ बदलतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि त्याला हात लावू नका. उतरताना गँगवेवर लावलेली परतीची वेळ वाचा, त्या फलकाचा फोटो काढा. जवळच्या पिशवीत जहाजाचं कार्ड, पासपोर्ट आणि व्हिसाची रंगीत प्रत, एक बँक कार्ड, दोन दिवसांची औषधं ठेवा. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांनी औषधांच्या बाबतीत अजिबात आळस करू नये. कार्यक्रमाच्या कागदावर बंदरातल्या पोर्ट एजंटचा नंबर असतो, तोही फोनमध्ये घ्या.

उशीर होतोय हे कळताक्षणी त्या एजंटला फोन करा. जहाज सुटून गेल्यावर नव्हे, ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतानाच. गँगवेवर प्रत्येक कार्ड तपासलं जातं, त्यामुळे कोण परतलं नाही ते जहाजावर नेमकं माहीत असतं. नाव पुकारतात, केबिनमध्ये फोन करतात. शेवटी अनेक जहाजांवर कर्मचारी कार्यालयातून किंवा केबिनची तिजोरी उघडून पासपोर्ट काढतात आणि एजंटकडे ठेवून जातात. म्हणून जहाज चुकलं तरी आधी धक्क्यावर जा, एजंटला शोधा. विमानतळाकडे पळू नका. भाड्याची बोट करून जहाजामागे जाऊ नका, भर समुद्रात तुम्हाला कुणी वर घेणार नाही. त्यानंतर भारतीय वकिलातीला कळवा.

आणि डेकवर उभ्या राहणाऱ्यांनो, कुणी धावत येताना दिसलं की मोबाइल काढून शिट्ट्या मारू नका. धावणाऱ्यांत साठी ओलांडलेल्या बायका असतात, त्यांचे पाय त्या धक्क्यावर अडखळतात.

टूर कंपन्यांना आणि सोसायटीचे, ज्येष्ठ नागरिक संघांचे गट नेणाऱ्यांना एक मागणी आहे. तुमच्या छापील कार्यक्रमात प्रत्येक बंदरासमोर जहाज सुटण्याची वेळ छापू नका. परतीची वेळ छापा, मोठ्या अक्षरांत, आणि ती ऑल अबोर्डच्या एक तास आधीची असू द्या. ज्यांनी कार्यक्रम आधीच पाठवले आहेत त्यांनी गटाच्या व्हॉट्सॲपवर दुरुस्ती टाकावी, या आठवड्यातच.