रात्रीच्या मुक्कामाचा हक्क



जंगल, बेटं, प्राण्यांचा अभ्यास हे विषय आपल्या त्रैमासिकात कशाला, असं काहीजणींना वाटेल. पोटगी, रेशन, घरातली मारहाण यांतून आपल्याला उसंत कुठे मिळते! पण बाईनं रात्री कुठे असावं आणि ते कुणी ठरवावं, हा प्रश्न आपल्या रोजच्या कामातला आहे. पनामातल्या एका बेटावर तो शंभर वर्षं वेगवेगळ्या रूपांत उभा राहिला. त्यातून आपल्याला घेण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून यावेळी त्याविषयी.

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधलं, सरोवर भरलं आणि एका डोंगराचा माथा तेवढा पाण्यावर राहिला. तेच बारो कोलोरादो बेट, सुमारे पंधरा चौरस किलोमीटरचं. १९२३ साली ते संशोधनासाठी राखून ठेवलं गेलं. १९४६पासून ते अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. उष्ण कटिबंधातल्या जंगलाचा इतका दीर्घ आणि सलग अभ्यास फार थोड्या ठिकाणी झाला आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी इथे पन्नास हेक्टर जंगल आखून घेतलं आणि त्यातलं एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड खोडाचं प्रत्येक झाड मोजलं. दोन लाखांहून अधिक झाडं, सुमारे तीनशे जाती. साधारण दर पाच वर्षांनी तीच मोजणी पुन्हा होते. कोणतं रोप जगलं, कोणतं मेलं, दुष्काळात कोणत्या जाती मागे हटल्या, हे त्यातून कळतं. आपल्याकडे मुदुमलाईच्या जंगलात १९८८पासून अशीच मोजणी चालू आहे.

हे ज्ञान मिळवायला कुणाला जाऊ दिलं गेलं? १९११च्या सुमारास स्मिथसोनियनची शास्त्रज्ञांची मोहीम पनामाला निघाली, तेव्हा गवतांच्या अभ्यासक अ‍ॅग्नेस चेस यांना तीत घेतलं नाही. बाई बरोबर असली की पुरुषांचं लक्ष कामावरून उडतं, हे कारण! लक्ष उडणार पुरुषांचं आणि घरी बसायचं बाईनं, हा न्याय आपल्याला नवा नाही. चेस बसल्या नाहीत. पुढे ब्राझीलमध्ये फिरून त्यांनी गवतांचे हजारो नमुने गोळा केले. मधल्या काळात स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या तुरुंगात गेल्या, तिथे त्यांना बळजबरीनं अन्न भरवण्यात आलं.

बारो कोलोरादोवरही सुरुवातीच्या वर्षांत तोच कायदा. बायकांनी दिवसा यावं, बेट पाहावं आणि अंधार पडायच्या आत परतावं. मुक्काम करायचा नाही. पुरुष शास्त्रज्ञांना निवांत जागा हवी, असं संस्थापकांतल्या काहींचं म्हणणं होतं. आता या जंगलाचा कितीतरी संसार रात्रीच चालतो. नुसत्या वटवाघळांच्याच तिथे सत्तरहून अधिक जाती आहेत. रात्र नाकारली म्हणजे अभ्यासाचा मोठा भाग नाकारला. पुढे दार उघडलं, तेव्हा एलिझाबेथ काल्को यांनी याच बेटावर वर्षानुवर्षं रात्री जागून वटवाघळांचा अभ्यास केला. कॅथरीन मिल्टन यांनी १९७०च्या दशकात तिथली हाउलर माकडं काय खातात ते बारकाईनं टिपलं. समोर दिसेल तो पाला ती ओरबाडत नाहीत, कोवळी पानं आणि फळं निवडून खातात. माकडांना हिरवं रान म्हणजे वाढलेलं ताट नसतं, हे त्यांच्या कामातून नीट समजलं.

पण दार उघडलं म्हणजे प्रश्न संपला का? २०१४ साली चार अभ्यासक स्त्रियांनी क्षेत्रकाम करणाऱ्या ६६६ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांनी आपणहून उत्तरं दिली त्यांचीच ती आहे, म्हणून हे प्रमाण सगळीकडे तेवढंच असेल असं म्हणता येत नाही. तरीही त्यांतल्या ६४ टक्के लोकांना लैंगिक छळाला आणि २० टक्क्यांहून अधिक लोकांना लैंगिक हल्ल्याला तोंड द्यावं लागलं होतं. यांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांहून बरंच जास्त होतं. स्त्रियांना त्रास देणारे बहुतेक त्यांचे वरिष्ठच होते. तक्रार कुठे करायची हे फार थोड्यांना माहीत होतं. डिसेंबर २०२१मध्ये स्मिथसोनियनच्या पनामातल्या संशोधन संस्थेविषयीही सोळा स्त्री-शास्त्रज्ञ पत्रकारांपुढे असंच बोलल्या.

बेटावर याची धार वाढते. होडी वरिष्ठाच्या हुकमानं सुटते. खोली, फोन, औषधं त्याच्या हाती. वर्षभर गोळा केलेली माहिती त्याच्या प्रकल्पाची आणि पुढच्या नोकरीचं शिफारसपत्र त्याच्या सहीचं. तक्रार करायची तर जायचं कुठे? चहूकडे पाणी!

समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हा मुलींना फील्डवर्कच्या आधी एकच सूचना न चुकता मिळायची : अंधाराच्या आत परत या. तिथे कुणी त्रास दिला तर काय करायचं, हे कुणी सांगत नसे. बाईला रात्रीपासून दूर ठेवणं आणि रात्री पाठवून वाऱ्यावर सोडणं, या दोन्हींत त्रास देणाऱ्याला कुणी हात लावत नाही. आणि छळाची एखादी घटना उघड झाली की संस्था पहिल्या उपायाकडे वळतात : मुलींना पाठवूच नका! अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर लेदरबॅक कासवं अंडी घालायला रात्रीच येतात. ती मोजणारी मुलगी सहाच्या आत कशी परतणार?

आपल्याकडचा कायदा तर फील्डमधूनच आला आहे. भंवरीदेवी राजस्थानातल्या गावपातळीवरच्या 'साथिन'. बालविवाह रोखण्याचं काम केलं म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून १९९७चा विशाखा निकाल आणि २०१३चा कायदा आला. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकानं दिलेलं वाहन, दोन्ही या कायद्यानं कामाचं ठिकाण ठरतात. प्रशिक्षणार्थी आणि रोजंदारीवरची बाई, दोघींना तो लागू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांत अभ्याससहलीची जागाही येते.

तरीही मार्च २०२१मध्ये मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाचा उल्लेख होता. जंगलात अधिकारी असलेल्या बाईची ही गत, तर संशोधन-छावणीत स्वयंपाक करणाऱ्या आदिवासी बाईचं कोण ऐकणार?

इथे आपलं काम सुरू होतं. प्रत्येक संस्थेच्या तक्रार समितीवर स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संघटनेची एक सदस्य असावी लागते. आपल्यातल्या अनेकजणी अशा समित्यांवर आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीत चार गोष्टी विचाराव्यात. तुमच्या मुली कुठल्या जंगलात, बेटावर, गावात कामाला जातात? निघण्याआधी समितीचे फोन नंबर त्यांच्या हाती दिले जातात का? वरिष्ठाची परवानगी न मागता तिथून निघता येईल, इतके पैसे आणि वाहन त्यांच्यापाशी असतं का? तिथल्या स्थानिक मजूर बाईला तिच्या भाषेत हे सगळं सांगितलं आहे का? दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती लागते. ती आपल्या जिल्ह्यात नुसती कागदावर आहे की खरोखर बसते, तेही पाहू या.

मिळालेली उत्तरं आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात ती जिल्हावार छापू.