पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च आणि मराठी विभागांचे दायित्व

मराठी विभागांत पदव्युत्तर वर्गांविषयी जी चर्चा होते ती बहुधा अभ्यासपत्रिकांची, संदर्भग्रंथांची आणि विद्यार्थ्यांच्या तोकड्या वाचनाची असते. विद्यार्थी ही दोन वर्षे कशाच्या आधारावर काढतो, हा प्रश्न मात्र कार्यालयीन मानला जातो. वस्तुतः तो शैक्षणिक प्रश्न आहे. कारण अध्ययनाची खोली बऱ्याच अंशी अध्ययनासाठी मिळणाऱ्या निर्वेध वेळेवर अवलंबून असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दोन पदव्युत्तर पदव्या या दृष्टीने लक्षणीय ठरतात. १९१३ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. अट कठोर असली तरी रक्कम आणि मुदत आरंभीच ज्ञात होती; १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. पूर्ण केले. याउलट १९१६ मध्ये लंडनला सुरू झालेले अध्ययन शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये खंडित झाले. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठवलेली रक्कम, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये लंडनला परतले आणि १९२१ मध्ये एम. एस्सी. झाले. विद्यार्थी एकच होता, बुद्धी आणि परिश्रमही तेच होते. भेद आश्वासित साहाय्याचा होता. असामान्य व्यक्तीने हा खंड भरून काढला, म्हणून सामान्य विद्यार्थ्याकडूनही तीच अपेक्षा धरणे न्याय्य नव्हे.

आज एम. ए. मराठीचे शुल्क व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या तुलनेत अल्प आहे, असे सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. खरा भार खोलीभाडे, खानावळ, प्रवास आणि मुख्यतः दोन वर्षे बुडणारे उत्पन्न यांचा असतो. शैक्षणिक कर्ज हा त्यावरील उपाय म्हणून सुचवला जातो. परंतु ज्या पदवीनंतर अनेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरील नेमणूकच येते, तिच्यासाठी कर्ज काढणे हे धाडसच होय.

शासकीय साहाय्य नाही असे नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची परंपरा १९४४ पासूनची आहे. राष्ट्रीय पदव्युत्तर शिष्यवृत्ती योजनेत निवड झालेल्यांना दरमहा १५,००० रुपये, वर्षातून दहा महिने, देण्याची तरतूद आहे; परंतु ती देशभरातील १०,००० विद्यार्थ्यांपुरती आहे. ‘गेट’ उत्तीर्ण होऊन एम. टेक.ला प्रवेश घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्यास १२,४०० रुपयांचे मासिक विद्यावेतन मिळू शकते. मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यास मात्र कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचा लाभ एम. ए. नंतर, संशोधनास प्रारंभ केल्यावर मिळतो. म्हणजे ज्या टप्प्यावर विद्यार्थी टिकतो किंवा गळतो, तोच टप्पा बव्हंशी निराधार राहतो.

या स्थितीत विभागांनी केवळ शासनाकडे बोट दाखवणे पुरेसे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा व शिका’ या तत्त्वाने श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली. मराठी विभागांनी ही सांगड स्वतःच्या विषयाशी घालावी. हस्तलिखितांची सूची, जुन्या नियतकालिकांची लेखसूची, बोलींचे ध्वनिमुद्रण व लिप्यंतर, मुद्रितशोधन ही कामे मनुष्यबळाअभावी वर्षानुवर्षे पडून राहतात. ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून समोवेतन करून घेतल्यास अर्थार्जन आणि संशोधनाचे प्रशिक्षण एकाच वेळी साधेल.

यावर असा आक्षेप संभवतो की, विद्यार्थी स्वस्त मजूर बनेल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कामाचे तास मर्यादित असावेत, दर लेखी ठरलेला असावा आणि प्रकाशित सूचीवर विद्यार्थ्याचे नाव असावे. प्राध्यापकांची वैयक्तिक कामे या योजनेत येता कामा नयेत. निधी अल्प असेल तर पाच जणांपुरतीच योजना असावी; पण ती किती जणांसाठी व किती महिन्यांसाठी आहे, हे प्रवेशापूर्वी जाहीर व्हावे. दोन वर्षांचा अंदाजित खर्च, निश्चित साहाय्य आणि अनिश्चित साहाय्य यांची माहिती प्रवेशपत्रिकेत छापण्यास तर निधीचीही आवश्यकता नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्यानिमित्ताने प्राचीन ग्रंथांच्या संपादनाविषयी आणि अध्ययनकेंद्रांविषयी बोलले जाते. हे ग्रंथ उद्या वाचणारा आणि संपादणारा अभ्यासक आज एम. ए.च्या वर्गात बसलेला असतो, अथवा खर्चाच्या धास्तीने वर्गाबाहेर राहिलेला असतो. अभिजात भाषेसाठी होणाऱ्या कोणत्याही तरतुदीत पहिला वाटा या विद्यार्थ्याचा असावा, अशी मागणी विभागांनीच करावयास हवी.