निविदेची चौकट आणि संगणक-प्रणाली

प्राप्तिकर विभागाचे नवे संकेतस्थळ 7 जून 2021 रोजी सुरू झाले आणि त्याच दिवसापासून तक्रारींचा ओघ लागला. जुने संकेतस्थळ 1 जूनपासूनच बंद ठेवले असल्याने करदात्यांना परतीची वाट उरली नव्हती. ऑगस्टमध्ये नवे संकेतस्थळ बंदच पडले, तेव्हा अर्थमंत्र्यांनी 23 तारखेस इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाचारण करून 15 सप्टेंबरची मुदत घालून दिली. करोनामुळे आधीच 30 सप्टेंबरपर्यंत वाढविलेली विवरणपत्रांची मुदत पुढे 31 डिसेंबरपर्यंत न्यावी लागली.

दोष कोणाचा, यावर त्या वेळी बराच वाद झाला. परंतु प्रश्न एका कंपनीच्या कार्यक्षमतेपुरता नाही. याच संकेतस्थळावर 31 जुलै 2024 पर्यंत 7 कोटी 28 लाखांहून अधिक विवरणपत्रे दाखल झाली. प्रणाली मुळातच निकामी असती तर हे घडते ना. तिचे शिक्षण मात्र जनतेच्या वेळेच्या व मनस्तापाच्या खर्चाने झाले. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणूनच तो पुनःपुन्हा होत राहतो.

शासन पूल ज्या रीतीने बांधून घेते त्याच रीतीने सॉफ्टवेअरही विकत घेऊ पाहते. आधी गरजांची यादी, मग निविदा, मग करार, मग बांधणी, चाचणी आणि शेवटी उद्घाटन. पुलाचा आराखडा बऱ्याच अंशी आधी निश्चित करता येतो. एखाद्या विभागासाठी खास घडवावयाच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तसे होत नाही. नियमांना असलेले अपवाद, कारकुनांच्या अंगवळणी पडलेल्या पद्धती, शेवटच्या आठवड्यात उसळणारी गर्दी यांचा खरा उलगडा प्रत्यक्ष वापरातच होतो. विन्स्टन रॉइस यांनी 1970 मधील निबंधात या क्रमबद्ध टप्प्यांची आकृती दिली. तीच पुढे ‘धबधबा’ पद्धत म्हणून रूढ झाली. चाचणी अगदी शेवटी ठेवणारी ही रीत धोक्याची आहे, असा इशारा त्यांनी त्याच निबंधात दिला होता आणि आधी एक प्राथमिक आवृत्ती करून पाहावी असे सुचविले होते. आकृती सर्वांनी उचलली. इशारा मागे राहिला.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा ‘अपूर्ण करार’ आहे. पुढे उद्भवणारी प्रत्येक परिस्थिती करारात लिहिता येत नसेल, तर न लिहिलेल्या बाबींवर निर्णयाचा अधिकार कोणाकडे राहतो याला निर्णायक महत्त्व येते. या विचाराच्या मांडणीसाठी ऑलिव्हर हार्ट 2016 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. विभागाकडे प्रणाली जाणणारी स्वतःची माणसे नसतील, तर हा अधिकार कागदोपत्री शासनाचा आणि व्यवहारात ठेकेदाराचा होतो.

संकट आले की माणसे वाढविण्याकडे कल असतो. 23 ऑगस्टच्या बैठकीत कंपनीने 750 हून अधिक माणसे या कामावर असल्याचे सांगितले. परंतु आयबीएममध्ये मोठ्या प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 मध्येच बजावले होते की, रखडलेल्या कामावर नवी माणसे घातल्यास ते अधिकच रखडते. कारण नव्यांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो.

याहून वेगळी वाट आपल्याच देशात मळलेली आहे. रेल्वेच्या आरक्षणाचे संगणकीकरण ऐंशीच्या दशकाच्या मध्यास दिल्लीपासून सुरू झाले. मग ते अन्य महानगरांत गेले. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही केंद्रे परस्परांशी पूर्णपणे जोडली जाण्यास 1999 साल उजाडले. ही गती संथ होती, आणि आजच्या अपेक्षांना ती पुरणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. तथापि एका शहरातील चूक साऱ्या देशाला भोगावी लागू नये, ही त्यामागील शिस्त आजही तितकीच मोलाची आहे.

तेव्हा कामाचे लहान टप्पे पाडून प्रत्येकाचे मोल वापराच्या कसोटीनंतरच चुकते करावे. नवी प्रणाली मर्यादित वर्गासाठी आधी खुली करावी आणि ती स्थिरावेपर्यंत जुनी चालू ठेवावी. विभागाने स्वतःचे जाणकार नेमावेत. यासाठी खरेदीचे नियम आड येतात असे म्हणण्यास पूर्वीइतका आधार उरलेला नाही. अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्येच केवळ सर्वांत कमी दराऐवजी गुणवत्तेलाही ठरावीक वजन देण्याची मुभा काही खरेदींपुरती दिली आहे.

दोन प्रणाली काही महिने एकत्र चालविणे खर्चाचे आहे, हे खरे. परंतु तो खर्च निदान शासनाच्या हिशेबवहीत दिसतो. तो वाचविला की त्याचा भार मुदतीच्या धास्तीने रात्री जागणाऱ्या छोट्या दुकानदारावर आणि त्याच्या करसल्लागारावर पडतो. त्यांनी तो का सोसावा, याचे उत्तर कोणत्याही निविदेत लिहिलेले नसते.